मातीवर लिहिलेलं नाव



शेतकऱ्याच्या घरावरचा सिनेमा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ठराविक गोष्टी येतात. सावकार, जप्ती, भावाभावांची भांडणं आणि शेवटी मारामारी. ज्या दोन चित्रपटांविषयी आज लिहीत आहे, त्यांत यातलं काहीच नाही. एक घर आहे, जमीन आहे, आणि आभाळाकडे लागलेले डोळे आहेत. चित्रपट परमुलखातले आहेत, पण शेतकऱ्याला त्यातलं काही परकं वाटू नये.

अमेरिकेत थिएटरसाठी नव्हे, तर खास टेलिव्हिजनसाठी पूर्ण लांबीचे चित्रपट काढायची पद्धत होती. फेब्रुवारी १९९१ मध्ये तिथे ‘सारा, प्लेन अँड टॉल’ हा असा चित्रपट दाखवला गेला. नावाचा अर्थ ‘सारा, दिसायला साधी आणि उंच’. पॅट्रिशिया मॅक्लॅकलन या लेखिकेच्या १९८५ सालच्या छोट्या पुस्तकावर तो बेतलेला आहे. ग्लेन क्लोज या नामवंत नटीने साराचं आणि ख्रिस्तोफर वॉकेन यांनी शेतकरी जेकबचं काम केलं आहे. पुढची कथा सांगणारा ‘स्कायलार्क’, म्हणजे चंडोल, हा दुसरा चित्रपट फेब्रुवारी १९९३ मध्ये आला.

काळ १९१० च्या सुमाराचा. कान्सास राज्यातला गवताळ सपाट मुलूख. डोंगर नाही, झाडी नाही, नजर जाईल तिथवर जमीनच जमीन. जेकबची बायको बाळंतपणात गेलेली. मागे ॲना ही मुलगी आणि केलब हा धाकटा मुलगा. शेत, जनावरं आणि दोन लेकरं एकट्याच्या हातानं रेटता रेटता जेकब पार मेटाकुटीला आलेला. घरातलं गाणं बंद झालेलं. शेवटी तो वर्तमानपत्रात जाहिरात देतो : घर सांभाळायला बायको पाहिजे.

जाहिरातीला उत्तर येतं ते थेट समुद्रकाठच्या मेन राज्यातून. सारा नावाची, लग्नाचं वय उलटत चाललेली बाई लिहिते की मी येते, महिनाभर राहून बघते. आगगाडीनं ती येते ती एक मांजर आणि समुद्रातले शिंपले घेऊन. समुद्र बघत वाढलेल्या बाईला ही कोरडी, सपाट जमीन मानवेल का, हीच सगळ्या घराला धास्ती. लेकरं तर तिच्या प्रत्येक शब्दात अर्थ शोधतात. राहणार की जाणार ?

सारा बसून खाणारी बाई नव्हे. पुरुषी कपडे चढवून ती छपराच्या कामाला वर चढते. नांगर धरायला शिकते. वादळ आलं की जनावरं आत घ्यायला धावते. जेकबला हे प्रथम रुचत नाही, पण ऐकते कोण ? एक दिवस ती एकटीच गाडी हाकत गावाला जाते, तेव्हा मुलांच्या पोटात गोळा येतो. आता ही तिकीट काढून परत जाणार ! संध्याकाळी ती परतते ती रंगीत पेन्सिली घेऊन. समुद्राचे रंग काढायला ते रंग घरात नव्हते, एवढंच. इथंच पहिला चित्रपट जिंकतो.

खरा कस लागतो तो दुसऱ्या चित्रपटात. पाऊस दडी मारतो. पिकं वाळतात, गवत करपतं, विहिरीचा तळ दिसू लागतो. एकेक शेजारी गाडीत संसार भरून निघून जातो. त्यात कोठाराला आग लागते, आणि विझवायला पाणी नाही. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे, त्यांना हे सांगावं लागणार नाही. कोरड्या विहिरीच्या काठावर उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहरा कान्सासात काय आणि आपल्याकडे काय, सारखाच.

जेकब जमीन सोडायला तयार नाही. त्याचं नाव त्या मातीत लिहिलेलं आहे, असं तो मानतो. साराच्या मनात मात्र सल आहे. याचं नाव या जमिनीत आहे, माझं कुठं आहे ? मी इथं राबते, इथं पाण्याविना तडफडते, पण ही जमीन मला ओळखते का ? अखेर जेकब तिला आणि मुलांना मेनला पाठवतो आणि स्वतः एकटा मागे राहतो. तिकडे समुद्र आहे, हिरवळ आहे, पोटभर पाणी आहे, तरी कुणाचं मन लागत नाही. शेवटी पाऊस पडतो आणि जेकब त्यांना न्यायला येतो. साराला दिवस गेलेले असतात. परत आल्यावर ती खाली वाकते आणि त्या मातीत आपलं नाव लिहिते.

चित्रपट म्हणून हा शेवट गोड आहे. पण शेतकरी म्हणून बघणाऱ्याच्या मनात एक प्रश्न उरतोच. मातीवर बोटानं लिहिलेलं नाव पुढच्या पावसात टिकेल का ?

त्या मुलखाचा इतिहास पाहिला तर हा प्रश्न आणखी टोचतो. अमेरिकन सरकारने १८६२ साली कायदा करून, पाच वर्षं राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर देऊ केली. अविवाहित बाईला किंवा विधवेला आपल्या नावानं जमीन मागता येत होती. पण नवऱ्यासोबत नांदणाऱ्या बाईला सहसा नाही. अर्ज नवऱ्याचा, नाव नवऱ्याचं. म्हणजे एकटी असेपर्यंत बाई जमीनमालक होऊ शके, आणि लग्न करून दुप्पट राबू लागली की कागदावरून गायब !

आता आपल्याकडे या. लागणीचं बेणं तोडण्यापासून खुरपणीपर्यंत उसाच्या फडात बाईचा हात नाही असं काम थोडंच. मग सातबारा काढून बघा. किती उताऱ्यांवर घरच्या बाईचं नाव सापडतं ? आणि जमीन नावावर नाही म्हणून ऊस नावावर नाही, ऊस नाही म्हणून कारखान्याचा शेअर नाही, शेअर नाही म्हणून वार्षिक सभेत मत नाही. एक नाव नसलं की पुढची सगळी दारं आपोआप बंद.

“घरातलीच जमीन, नावानं काय फरक पडतो ?” असं पुष्कळजण म्हणतात. चांगले दिवस असतात तोवर काही फरक पडत नाही, हे खरं. फरक पडतो तो वाईट दिवस आल्यावर. घरधनी अचानक गेला की वारसनोंद होईपर्यंत त्या माउलीनं तलाठ्याच्या दारात किती खेटे घालायचे ? तोवर ऊस नोंदीला कुणाच्या नावानं जायचं ? पीककर्ज कुणी मागायचं ? आणि भाऊबंदांनी डोळे वटारले तर कुठला कागद पुढं करायचा ?

ही गोष्ट आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन चांदवडला भरलं. त्यानंतरच्या वर्षांत शरद जोशींच्या हाकेवरून ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम निघाली, आणि कितीतरी शेतकऱ्यांनी आपखुशीनं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. त्याच नावानं पुढे १९९२ साली शासनाचं परिपत्रक निघालं. नवऱ्यानं स्वतः अर्ज दिला, तर बायकोचं नाव सातबारावर सहहिस्सेदार म्हणून लावता येतं, अशी ही तरतूद. वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला जन्मानं हक्क देणारा कायदाही आपल्या राज्यात १९९४ सालीच झाला. साऱ्या देशाला तो मिळायला २००५ साल उजाडावं लागलं. वाट केव्हाच मोकळी झाली आहे, त्या वाटेनं चालणारे मात्र थोडे.

बाईला हक्क देणं म्हणजे तिच्यावर उपकार करणं नव्हे. दुष्काळात जी आपल्याबरोबर टिकली, तिचं नाव आपल्या नावाशेजारी लावणं हा साधा हिशेब आहे. काट्यावर आपण किलोकिलोचा हिशेब मागतो, मग हा हिशेब बाकी का ठेवायचा ?

हे दोन्ही चित्रपट कुठं बघायला मिळाले, तर घरच्या सगळ्यांनी मिळून बघावेत. भाषा परकी असली तरी गोष्ट समजते. आणि बघून झाल्यावर कपाटातला सातबारा काढून दोघांनी शेजारी बसून वाचावा. सारानं मातीत बोटानं नाव लिहिलं. आपल्याला ते तलाठ्याच्या दफ्तरात शाईनं लिहिता येतं. अर्ज मात्र आपणच द्यायचा आहे.