जुन्या मोटारीचे इंजिन : कार्ब्युरेटर की इंजेक्शन?

मुंबईत कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फियाट मोटारीला १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. या जातीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. तरीही अनेक घरांत ही मोटार अजून जपलेली आहे. तिचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधायची वेळ आली, की मालकापुढे प्रश्न उभा राहतो : मूळचा कार्ब्युरेटर ठेवावा, की आधुनिक मोटारींप्रमाणे इंधनाचे इंजेक्शन बसवावे?

दोघांचे काम एकच आहे. एक ग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण राखावयाचे. कार्ब्युरेटरमध्ये हवेची वाट मध्येच अरुंद केलेली असते. तेथे हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि शेजारच्या लहान टाकीतील पेट्रोल ‘जेट’ नावाच्या बारीक छिद्रातून ओढले जाते. वीज नाही, संगणक नाही. सारे काम हवेच्या ओढीवर चालते! मात्र जेटचे छिद्र ठरलेल्या मापाचे असते. मुंबईत बरोबर जुळवलेली मोटार महाबळेश्वरचा घाट चढली, की तेथील विरळ हवेत तिला पेट्रोल जास्त होते आणि धूर काळा येतो.

इंजेक्शनमध्ये पेट्रोल पंपाच्या दाबाने फवारले जाते. धुराच्या नळीत बसवलेला संवेदक उरलेल्या प्राणवायूचा अंदाज घेतो आणि त्यावरून संगणक फवाऱ्याचा काळ क्षणोक्षणी बदलतो. म्हणून थंडीत मोटार लगेच सुरू होते, घाटातही प्रमाण बिघडत नाही.

हा गुण आज अधिकच महत्त्वाचा ठरला आहे. २०२५ मध्ये देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागते. त्यामुळे अशा मिश्रणाचे योग्य प्रमाण साडेतेराच्या आसपास येते. जुना जेट मात्र पूर्वीइतकेच इंधन सोडतो. परिणामी इंजिनाला इंधन अपुरे पडते, ते अडखळते व अधिक तापते. यावर थोडा मोठा जेट बसवणे हा उपाय आहे. इथेनॉल जुन्या रबरालाही मानवत नाही. तेव्हा इंधनाच्या नळ्या आणि पंपाचा पडदा दोन्ही पर्यायांत बदलावेच लागतात.

मग इंजेक्शनच का नको? पद्मिनीचा मूळ पंप इंजिनाच्या कॅमवर चालतो व अगदी थोडा दाब देतो. इंजेक्शनसाठी विजेचा पंप, जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी, संवेदक, नवी वायरिंग आणि भरवशाचा वीजपुरवठा हवा. रस्त्यात बिघाड झाल्यास साधा मिस्त्री हतबल होतो. कार्ब्युरेटर मात्र पेचकस आणि फुंकर यांवर बहुधा वळणावर येतो.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या मोटारीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होऊ शकते. पण तिचे मूळ रूप राखलेले असावे लागते आणि इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. आरंभीच्या पद्मिनी आता नेमक्या या वयात येत आहेत. इंजेक्शनसाठी केलेला बदल ही नोंद धोक्यात आणू शकतो. शिवाय अशी नोंद झालेली मोटार रोजच्या वापरासाठी काढता येत नाही.

म्हणून मोटार मूळ रूपात जपायची असेल, तर माझे मत कार्ब्युरेटरच्या बाजूने आहे. रोज लांबचा प्रवास करणाऱ्याने इंजेक्शनचा विचार करावा. पण आधी परिवहन कार्यालयात परवानगीची चौकशी करावी. निर्णय कोणताही असो, प्रथम सिलिंडरांतील दाब, व्हॉल्व्ह आणि ठिणगीची वेळ तपासून घ्यावी. कार्ब्युरेटरच्या झडपेचा दांडा झिजला असेल, तर तेथून चोरून हवा शिरते. कित्येकदा एवढाच दोष असतो, आणि तो लेथवर नवी बुशिंग बसवून दूर होतो.