परदेशी जाताना मोटारीचा हिशेब

रायपूरच्या मराठी घरांना प्रांताच्या सीमेचे कौतुक नाही. ती त्यांनी अनेकदा जागचे न हलताच ओलांडली आहे. १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत रायपूर आणि नागपूर ही शहरे एकाच मध्यप्रदेश राज्यात होती आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले, रायपूर नव्या मध्यप्रदेशात राहिले, आणि १ नोव्हेंबर २००० रोजी ते छत्तीसगढची राजधानी झाले. सोयरीक, श्राद्धपक्ष, दिवाळीची खरेदी यांच्या वाटा मात्र पूर्वीप्रमाणेच नागपूरकडे वळत राहिल्या.

मोटारीला ही नाती कळत नाहीत. 'सीजी ०४' हा रायपूरचा क्रमांक लावलेली मोटार नागपूरला पाहुणी म्हणून कितीही वेळा जावो, तिला कोणी अडवीत नाही. परंतु ती बारा महिन्यांहून अधिक काळ तेथेच ठेवावयाची झाली, तर कायद्याप्रमाणे तिची नोंदणी तेथे नव्याने करावी लागते. त्यासाठी रायपूरच्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र हवे, महाराष्ट्राचा कर भरावयास हवा, आणि मग छत्तीसगढमध्ये आगाऊ भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मिळावा म्हणून अर्ज करीत बसावयास हवे. वारंवार बदली होणाऱ्यांसाठी २०२१ मध्ये 'बीएच' ही अखिल भारतीय क्रमांकमालिका सुरू झाली. परंतु ती सरकारी नोकर, सैन्यातील लोक आणि चार वा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खाजगी कंपन्यांचे कर्मचारी यांच्यापुरतीच आहे.

सुमारे तीनशे किलोमीटरच्या प्रवासाला एवढा व्याप पडतो. मग ज्या घरातील मुलगा सातासमुद्रांपलीकडे नोकरीस निघाला आहे, त्या घराने मोटारीचा हिशेब कसा मांडावा?

असे एक घर डोळ्यांपुढे आणू. चौबे कॉलनीत राहणारे वडील सेवानिवृत्त आहेत. चौतीस वर्षांचा मुलगा अभियंता आहे आणि त्याला इंग्लंडात काम मिळाले आहे. सून आणि चार वर्षांची नात त्याच्याबरोबर जाणार आहेत. अंगणात मुलाच्या नावावरची सहा वर्षांची मोटार उभी आहे. घर कल्पनेतले असले, तरी असे घर आपल्या ओळखीत नाही असे फार थोडे वाचक म्हणू शकतील. या घरात पहिला प्रश्न निघतो तो असा : "तिकडे गाडी कधी घेशील?" वास्तविक पहिला प्रश्न अंगणातल्या गाडीचा असावयास हवा.

ही मोटार विकावी की ठेवावी, हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु ती कोणाच्या नावावर राहणार, हे निघण्यापूर्वी ठरलेच पाहिजे. आपल्याकडे ओळखीच्या माणसाला गाडी विकली, पैसे घेतले, किल्ली दिली, की व्यवहार संपला असे मानण्याची रीत आहे. 'नावाचे मागाहून बघू' हे वाक्य ऐकले नाही असा मोटारमालक विरळा. कायदा तसे मानीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले, की नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे तोच मालक. गाडी पुढे हातोहात कितीही जणांकडे गेली, तरी अपघाताच्या भरपाईचे उत्तरदायित्व त्याच्यावर येते. रायपूरमध्ये विकलेल्या मोटारीने दोन वर्षांनी एखाद्यास धडक दिली, तर नोटीस इंग्लंडात गेलेल्या मुलाच्या नावाने याच घरी येईल, आणि ती घेण्यास दारात म्हातारे आईबाप असतील. याकरिता क्रमांक २९ व ३० चे नमुने भरून नाव बदलल्याची खात्री केल्यावाचून विमानात बसू नये. विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात ही खबर चौदा दिवसांत द्यावयाची असते.

गाडी वडिलांच्या वापरासाठी ठेवावयाची असेल, तर तीही वडिलांच्या नावावर करणे बरे. विम्यात मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघाताचे जे १५ लाख रुपयांचे संरक्षण असते, ते अटींप्रमाणे नोंदणीकृत मालक स्वतः परवानाधारक चालक असेल तेव्हाचे आहे. मुलगा मालक आणि वडील चालक, अशा जोडीत नेमका गाडी हाकणाराच उघडा पडण्याचा धोका असतो. बाप-लेकांत नाव बदलण्याचे कसले, असे म्हणून हे काम पुढे ढकलले जाते. ते ढकलू नये.

आता मुलाच्या सामानाकडे वळू. मसाल्याच्या डब्या आणि लोणच्याची बरणी यांच्या आधी तीन कागद बांधावेत. पहिला कागद म्हणजे येथला वाहन-परवाना. तो लवकर संपणार असेल तर आधीच नवा करून घ्यावा. मुदत संपण्यापूर्वी एक वर्षापर्यंत ते करता येते. दुसरा, आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना. १९४९ च्या जिनीव्हा करारानुसार तो आपल्याच परिवहन कार्यालयात मिळतो. शुल्क एक हजार रुपये आणि मुदत एक वर्ष. त्याचे नाव भारदस्त असले, तरी तो मूळ परवान्याचा सर्वमान्य अनुवाद होय, एवढेच. मूळ परवाना बरोबर नसेल तर त्यास किंमत नाही.

तिसरा कागद बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. विम्याचा दावा न करता गेलेल्या वर्षांबद्दल जी सवलत मिळते आणि जिला सर्व लोक 'नो क्लेम बोनस' म्हणतात, ती मोटारीची नसते, मालकाची असते. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के, अशी ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर चढत जाते. गाडी विकताना विमा कंपनीकडून या सवलतीचे पत्र मागून घ्यावे. ते तीन वर्षे चालते. दोन वर्षांच्या करारावर गेलेला माणूस परतला, तर नव्या गाडीच्या विम्यात त्याला ती सवलत मिळू शकते. शिवाय हेच पत्र परदेशी विमा कंपनीपुढे ठेवता येते. ते मानावे की नाही हे तिच्या मर्जीवर आहे. पण मागितल्यावाचून कोणी देत नाही आणि दाखविल्यावाचून कोणी पाहत नाही.

एवढ्यावर मुलगा इंग्लंडात पोहोचतो. तेथे रस्त्याची डावी बाजू आपलीच आणि सुकाणूही उजवीकडेच. त्यामुळे फसगत होते. वाटते, यात नवे ते काय? ब्रिटनमध्ये वास्तव्यास आलेल्या भारतीयास त्याच्या परवान्यावर बारा महिने मोटार चालविता येते. त्यानंतर तो परवाना तेथे कागदाचा तुकडा ठरतो. काही देशांचे परवाने ब्रिटन बदलून देते. त्या यादीत भारत नाही. मग शिकाऊ परवान्यापासून आरंभ! २०२५ च्या दरांप्रमाणे शिकाऊ परवान्यास ३४ पौंड, लेखी परीक्षेस २३ आणि रस्त्यावरील परीक्षेस कामाच्या दिवशी ६२, असे ११९ पौंड शुल्क होते. म्हणजे सुमारे चौदा हजार रुपये. शिक्षकाचे ताशी तीस-चाळीस पौंड निराळे. लेखी परीक्षेत पन्नासांपैकी त्रेचाळीस उत्तरे बरोबर यावी लागतात. रस्त्यावरील परीक्षेत पंधरापर्यंत किरकोळ चुका क्षम्य असतात, गंभीर चूक एकही नाही. आणि परीक्षेस बसणाऱ्यांपैकी निम्म्याहून कमीच लोक उत्तीर्ण होतात. परीक्षेची तारीख मिळण्यास कित्येक महिने लागतात, ते वेगळेच. म्हणून बारावा महिना उजाडण्याची वाट न पाहता शिकाऊ परवाना पहिल्याच महिन्यात काढावा.

जयस्तंभ चौकातून पंधरा वर्षे निर्धास्त गाडी काढणाऱ्या माणसाला हे अपमानास्पद वाटते. मला तसे वाटत नाही. ज्या कौशल्यावर आपण जयस्तंभ चौक पार करतो, म्हणजे भोंगा, अंदाज आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहून घेतलेला कौल, ते तेथील गोल चौकात उपयोगी पडत नाही. तेथे उजवीकडून येणाऱ्यास वाट देऊन मुकाट्याने थांबावे लागते. परीक्षेत बहुधा याच ठिकाणी आपली हाडे मोडतात. शिक्षकाचे पाच-सात तास घेणे हा खर्च नव्हे, बचत आहे.

खरा खर्च पुढेच आहे. माणूस उत्तीर्ण झाला, की पंधरा वर्षांचा हा चालक तेथील कायद्याच्या दृष्टीने नवशिका होतो. पहिल्या दोन वर्षांत त्याच्या नावावर दंडाचे सहा गुण जमले, तर परवाना रद्द होऊन पुन्हा शिकाऊपणाच नशिबी येतो. विमा कंपनी तर त्याला प्रत्यक्ष नवशिकाच समजते. परवाना किती वर्षांचा, दाव्याविना किती वर्षे, गाडी रात्री कोठे उभी असते, असे ती विचारते. आणि पहिल्या दोन प्रश्नांची त्याची उत्तरे शून्याजवळची असतात. स्वस्तातली जुनी मोटार घेतली आणि पहिल्या वर्षाचा विमा तिच्या किमतीच्या पंगतीत जाऊन बसला, असे नवख्यांच्या बाबतीत घडते ते यामुळे. त्यावर वार्षिक वाहनकर आहे. २०२५-२६ साठी त्याचा सर्वसाधारण दर १९५ पौंड होता. गाडी तीन वर्षांची झाली, की दरवर्षी तपासणी करावी लागते. लंडनमध्ये राहावयाचे आणि गाडी जुन्या, अधिक धुराच्या जातीची असेल, तर ती बाहेर काढल्याच्या प्रत्येक दिवसाचे साडेबारा पौंड द्यावे लागतात. २०२३ च्या ऑगस्टपासून हा नियम साऱ्या लंडनला लागू झाला.

तात्पर्य, माणसाबरोबर त्याचे कौशल्य जाते, पण त्याची पत जात नाही. ज्या देशात जावे त्या देशात या पतीचा भाव निरनिराळ्या रूपाने मोजावा लागतो. जर्मनीत भारतीय परवाना वास्तव्यानंतर सहाच महिने चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, आणि विम्यात निर्दोष वर्षांची जी शिडी असते तिच्या तळाशी उभे राहावे लागते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम निराळा. कॅलिफोर्नियात स्थायिक होणाऱ्याने दहा दिवसांत तेथला परवाना घ्यावा अशी अपेक्षा असते. तेथील कित्येक राज्यांत तर विम्याचा हप्ता ठरविताना माणसाचा कर्जफेडीचा इतिहासही पाहतात, आणि नव्याने आलेल्यास असा इतिहासच नसतो. दुबईत नोकरीचा रहिवासी परवाना मिळाला, की भारतीय परवान्यावर गाडी चालविणे बंद. तेथली परीक्षा देणे आले. २०२३ मध्ये निघालेल्या एका योजनेने परदेशी परवानाधारकास शिकवणीवाचून एकदाच थेट परीक्षेस बसण्याची संधी दिली आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्चपर्यंत हिवाळी टायर सक्तीचे आहेत. मे महिन्यात डांबर वितळताना पाहिलेल्या रायपूरकरास चाकांचा दुसरा संच हा खर्च सुचणे कठीणच.

सिंगापूरची गोष्ट सर्वांत निराळी आहे. तेथे मोटार घेण्यापूर्वी मोटार बाळगण्याचा हक्क विकत घ्यावा लागतो. १९९० पासून या हक्कपत्रांचा लिलाव होतो आणि हक्क दहा वर्षांचाच मिळतो. २०१८ पासून मोटारींची एकूण संख्या वाढू द्यावयाचीच नाही असे धोरण आहे. जुनी गाडी रस्त्यावरून जाईल तेव्हाच नवीस जागा. २०२३ च्या ऑक्टोबरात मोठ्या मोटारींच्या वर्गातील हक्कपत्र १,५०,००१ सिंगापुरी डॉलरांस गेले. त्या वेळच्या दराने सुमारे ९० लाख रुपये. यात मोटार अंतर्भूत नाही, हे पुन्हा सांगितलेले बरे. लहान मोटारींचा वर्गही त्या वेळी लाखाच्या वरच होता. याउपर नोंदणीचे शुल्क गाडीच्या किमतीबरोबर चढत जाते आणि गर्दीच्या रस्त्यांवर १९९८ पासून यंत्रे पथकर कापून घेतात. परिणामी तेथे चांगल्या पगाराची कुटुंबे आगगाडीने आणि बसने हिंडतात, आणि त्यात कोणास कमीपणा वाटत नाही. रायपूरहून फोनवर "अजून गाडी नाही घेतली?" असे विचारणाऱ्या काकांना हे समजावून सांगण्याचे काम मात्र सुनेकडे येते.

चौबे कॉलनीतील आपल्या घराने काय करावे? माझे मत असे, की पहिले वर्ष गाडीवाचून काढण्याची तयारी ठेवावी आणि घर भाड्याने घेतानाच ती करावी. शाळा, दुकान आणि स्थानक पायी जाण्याजोगे असेल, तर चार पैसे जास्त भाडे परवडते. गावाबाहेर स्वस्त घर घेतले, की गाडी पहिल्याच आठवड्यात लागते आणि ती घाईने, विम्याच्या सर्वांत महाग वर्षी घ्यावी लागते. अमेरिकेतील पुष्कळ गावांत गाडीवाचून दूधही आणता येत नाही, तेथे हा सल्ला लागू पडणार नाही. अशा ठिकाणी जाणाऱ्याने गाडीची नुसती किंमत न पाहता विमा, परीक्षा, शिकवणी, कर आणि गाडी उभी करण्याचे भाडे असा वर्षाचा आकडा मांडावा, आणि पगाराचा करार करतानाच तो समोर ठेवावा. सुनेने येथूनच परवाना घेऊन जावे, ही सूचना लहान वाटेल. परंतु परक्या गावात, नवरा कामावर गेला असता, चार वर्षांच्या मुलीला घेऊन घरात अडकून पडणे काय असते, हे ज्या स्त्रिया तसे राहिल्या आहेत त्यांना विचारावे.

परतताना तेथली गाडी आणण्याचा मोह धरू नये. डाव्या सुकाणूची मोटार येथे चालत नाही, आणि उजव्या सुकाणूची असली तरी जुन्या गाडीवरील आयातकर तिच्या किमतीला गिळून टाकतो. ती तेथेच विकावी आणि तेथील विमा कंपनीकडून दाव्याविना गेलेल्या वर्षांचे पत्र मागून घेऊन, ते रायपूरहून नेलेल्या जुन्या पत्राच्या पाठीशी लावून ठेवावे.