पश्चात्तापाची वाजवी किंमत

संगणकावरील खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, हे मत सुशिक्षित घरांत इतके रूढ झाले आहे की त्याची फेरतपासणी करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. परीक्षेच्या दिवसांत तर या मताला आईवडिलांच्या संतापाची धारही चढते. परंतु ज्या मुलाला यापायी बोलणी खावी लागतात, तो त्या क्षणी पडद्यासमोर नेमके काय करीत असतो हे पाहण्याचे कष्ट कोणी घेतले, तर एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. बरेचदा तो राक्षस मारण्याचे सोडून हिशेब करीत बसलेला असतो. हाती आलेले पाच गुण अंगबळावर खर्चावेत की जीवनशक्तीवर, आज एक लहान विद्या शिकावी की तो गुण मोठ्या विद्येसाठी राखून ठेवावा, या विवंचनेत तो गढलेला असतो. मर्यादित साधनांची अनेक पर्यायी उपयोगांत वाटणी कशी करावी, हा अर्थशास्त्राचा मूळ प्रश्नच तो सोडवीत असतो. मात्र या खेळांचा खरा बोध त्याही पलीकडचा आहे. केलेली निवड चुकली तर ती सुधारण्याची सोय असावी काय, आणि असल्यास तिची किंमत किती असावी, या प्रश्नाचे तीन वेगवेगळे प्रयोग गेल्या पंचवीस वर्षांत या खेळांनी करून पाहिले आहेत.

फाशांकडून निवडीकडे

या खेळांचे मूळ संगणकात नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा, कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती बसून खेळण्याचा खेळ प्रसिद्ध केला. खेळाडूने एक काल्पनिक पात्र धारण करावयाचे आणि त्या पात्राच्या नावाने अद्भुताच्या जगात साहसे करावयाची, अशी त्याची रचना होती. बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळता आणि व्यक्तिमत्त्वाची छाप असे पात्राचे सहा अंगभूत गुण असत आणि प्रत्येकासाठी तीन फासे टाकले जात. बेरीज ३ ते १८ यांच्या दरम्यान येई. तिची सरासरी साडेदहा. अठराची बेरीज पडण्याचा संभव २१६ मध्ये एक. म्हणजे पात्राची जन्मजात पुंजी सारीपाटाप्रमाणे फाशांच्या स्वाधीन होती. ती हाती आल्यावर खेळाडूने पात्राचा वर्ग ठरवावयाचा. योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपदेशक असे मुळात तीन वर्ग होते. १९७५ मध्ये त्यांत चोराची भर पडली.

ही वर्गव्यवस्था पुढे संगणकाच्या खेळांनी उचलली. तिचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणून ब्लिझार्ड या कंपनीच्या, जून २००० मध्ये बाजारात आलेल्या 'डायब्लो टू' या खेळाकडे पाहता येईल. त्यात प्रारंभी पाच वर्ग होते. २००१ च्या पुरवणीने ते सात केले. या खेळात जन्मजात गुणांसाठी फासे नाहीत. एका वर्गाची सर्व पात्रे सारख्याच पुंजीने सुरुवात करतात आणि पुढची घडण सर्वस्वी खेळाडूच्या निर्णयांवर अवलंबून राहते. या घडणीलाच खेळाडू 'बिल्ड' म्हणतात. दैवाकडून कर्तृत्वाकडे झालेला हा प्रवास स्वागतार्ह वाटतो. परंतु त्याची दुसरी बाजू अशी की, पात्र फसले तर आता दोष द्यावयास फासेही उरले नाहीत.

एकशेदहा गुण, सहाशे जागा

टंचाई येथे अंकांत मोजता येते. प्रत्येक वर्गाला तीस विद्या असतात आणि प्रत्येक विद्येत वीसपर्यंत गुण घालता येतात. सर्व विद्या पूर्ण करावयाच्या तर ६०० गुण लागतील. पण पात्राची एक पातळी वाढली की विद्येसाठी एकच गुण मिळतो. ९९ ही शेवटची पातळी गाठली तर असे ९८ गुण होतात आणि ठरावीक कामगिऱ्या पार पाडल्याबद्दल आणखी १२ मिळतात. एकूण ११०. म्हणजे गरजेच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी, आणि तेही शेवटपर्यंत पोहोचणाऱ्या थोड्यांना. साहजिकच सर्व विद्यांत थोडे थोडे गुण वाटणाऱ्या पात्राची गत 'एक ना धड, भाराभर चिंध्या' अशी होते.

विद्यांखेरीज बळ, चपळता, जीवनशक्ती आणि मंत्रशक्ती अशा चार अंगभूत गुणांसाठी दर पातळीला पाच गुण वेगळे मिळतात, आणि येथे रिकार्डोच्या १८१७ मधील तुलनात्मक लाभाच्या सिद्धान्ताची आठवण झाल्यावाचून राहत नाही. 'बार्बेरियन' या रांगड्या योद्ध्याने जीवनशक्तीवर एक गुण खर्च केला तर त्याचे आयुष्य चारने वाढते. तोच गुण मंत्रशक्तीवर खर्चला तर मंत्र टाकण्यासाठी लागणारी 'माना' केवळ एकने वाढते. उलट 'सॉर्सरेस' या जादूगारणीला एका गुणात आयुष्य दोनच मिळते, पण मानाही दोन मिळते. रिकार्डोचा हिशेब तेवढाच धरला तर जादूगारणीने मंत्रशक्तीकडे वळावयास हवे. अनुभवी खेळाडू मात्र तिचेही गुण बहुतांशी जीवनशक्तीतच घालतात. कारण उघड आहे. माना औषधाच्या कुप्यांतून आणि जादूच्या वस्तूंतून बाहेरून मिळवता येते, पण एका तडाख्यात मेलेल्या पात्राला भरलेल्या कुपीचा उपयोग नसतो. कोणती गोष्ट आपण करावी हे केवळ आपल्या अंगच्या कौशल्यावर ठरत नाही. ती बाहेर कोणत्या भावाने मिळते यावरही ते ठरते, हे व्यवहारज्ञान हा खेळ न बोलता शिकवून जातो.

श्रमविभागाचेही तसेच. या खेळाला काठिण्याच्या तीन श्रेणी आहेत. तिसऱ्या श्रेणीत असे अनेक राक्षस भेटतात की ज्यांच्यावर अग्नीचा किंवा शीताचा मुळीच परिणाम होत नाही. आपले सर्व गुण अग्निविद्येत घातलेली जादूगारीण एकटी खेळत असेल तर अशा राक्षसापुढे ती निरुपाय होते. पण एका डावात आठ खेळाडू एकत्र येऊ शकतात. मग अग्नीचे काम एकीने, शीताचे दुसऱ्याने आणि ढाल धरण्याचे तिसऱ्याने करावे, अशी वाटणी शक्य होते. श्रमविभागाची मर्यादा बाजारपेठेच्या विस्ताराने ठरते, असे ॲडम स्मिथने १७७६ मध्ये सांगितले होते. एकट्याला न परवडणारे विशेषीकरण आठांच्या मेळाव्यात परवडते, हा त्याचाच दाखला होय.

न पुसणारी रेघ

येथवर सारे ठीक. परंतु खर्च केलेला गुण परत घेण्याची कोणतीही सोय या खेळात पहिली दहा वर्षे नव्हती. विद्येत एकदा घातलेला गुण कायमचा गेला. शिवाय निवडीतला दोष लगेच उमगत नसे. पहिल्या श्रेणीत कोणतीही घडण चालून जाई. दुसऱ्या श्रेणीत धाप लागू लागे आणि तिसरीत, कित्येक दिवसांचे तास ओतल्यानंतर, खेळाडूला कळे की आपण प्रारंभीच वाट चुकलो होतो. त्यावर उपाय एकच. ते पात्र सोडून द्यावयाचे आणि नवे घेऊन पहिल्या पातळीपासून पुन्हा चालावयाचे.

या कडक नियमाचे परिणाम अभ्यासण्याजोगे झाले. पहिला परिणाम साठेबाजीचा. मोठ्या विद्या तिसाव्या पातळीला खुल्या होत आणि लहान विद्यांत घातलेले गुण पुढे वाया जात. म्हणून जाणते खेळाडू मिळालेले गुण तसेच राखून ठेवीत आणि तीस पातळ्या अर्धपोटी काढीत. मुंबईत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ अविनाश दीक्षित यांनी रॉबर्ट पिंडाइक यांच्यासमवेत १९९४ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात असे दाखवून दिले आहे की, गुंतवणूक परत फिरवता येणारी नसेल आणि भविष्य अनिश्चित असेल, तेव्हा थांबून राहण्यालाच एक मूल्य प्राप्त होते. त्या ग्रंथाचे नावही न ऐकलेल्या पोरांनी हे मूल्य आपल्या अनुभवातून ओळखले होते.

दुसरा परिणाम अनुकरणाचा. चूक इतकी महाग असेल तर स्वतः प्रयोग करण्याचे धाडस कोण करणार? 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' या न्यायाने यशस्वी खेळाडूंनी लिहून ठेवलेल्या मार्गदर्शिका समोर ठेवून, कोणता गुण कोठे घालावयाचा हे पढून खेळणाऱ्यांची संख्या वाढली. निवडीसाठी तीस विद्या असलेल्या वर्गातून त्याच त्या दोनचार घडणींची पात्रे बाहेर पडू लागली. निवडीचे स्वातंत्र्य कागदावर अबाधित होते, पण ते वापरण्याची छाती उरली नव्हती.

तिसरा परिणाम अन्यायाचा. २००३ मध्ये कंपनीने नियम बदलले. लहान विद्यांत घातलेले गुण मोठ्या विद्यांना बळ देतील, अशी नवी तरतूद केली. सुधारणा चांगलीच होती. परंतु जुन्या नियमांवर विसंबून ज्यांनी गुण राखले आणि एका मोठ्या विद्येत ओतले, त्यांचा शहाणपणा एका रात्रीत मूर्खपणा ठरला, आणि नव्या नियमांप्रमाणे आपली घडण बदलण्याची मुभा त्यांना मिळाली नाही. नियम बदलण्याचा अधिकार एका पक्षाला आणि निर्णय न बदलण्याचे बंधन दुसऱ्याला, ही व्यवस्था खेळातही न्याय्य म्हणता येणार नाही.

दोन टोके आणि मध्य

२०१० मध्ये हे बंधन सैल झाले. काठिण्याच्या प्रत्येक श्रेणीत एकदा, म्हणजे एकूण तीन वेळा, खर्च केलेले सर्व गुण विनामूल्य परत घेण्याची सोय झाली. त्यापुढे आणखी फेरविचार करावयाचा असेल तर तिसऱ्या श्रेणीतील बड्या राक्षसांना मारून क्वचित हाती लागणारे चार अर्क गोळा करावे लागत. पहिल्या चुका माफ, पुढच्या चुकांसाठी श्रम, असे हे सूत्र होते.

दोनच वर्षांनी, २०१२ मध्ये, 'डायब्लो थ्री' आला आणि त्याने दुसरे टोक गाठले. अंगभूत गुणांची वाटणी खेळाडूच्या हातून काढून ती आपोआप होईल असे केले गेले. विद्या वाटेल तेव्हा, काहीही न मोजता, बदलता येऊ लागल्या. चुकण्याची भीती संपली, पण तिच्याबरोबर निवडण्याचे महत्त्वही ओसरले. एकाच वर्गाची एकाच पातळीची दोन पात्रे मुळात सारखीच झाली. 'माझे पात्र' असे म्हणण्याजोगे त्यांत जे होते ते हरवले, अशी जुन्या खेळाडूंची तक्रार होती आणि ती केवळ स्मरणरंजनातून आलेली नव्हती. जे फुकट परत करता येते ते निवडताना कोणी विचार करीत नाही. २०२३ मध्ये आलेल्या 'डायब्लो फोर'मध्ये गुणांची वाटणी पुन्हा खेळाडूच्या हाती आली. गुण परत घेता येत, पण त्यासाठी खेळातले सोने मोजावे लागे आणि पात्राची पातळी वाढत जाई तसा हा दरही चढत जाई. नवख्याला स्वस्त आणि मुरलेल्याला महाग, असे ते प्रमाण होते.

या तीन प्रयोगांचा निष्कर्ष असा की, पश्चात्ताप अशक्य केला तर माणसे भित्री आणि अनुकरणशील होतात, आणि तो फुकट केला तर ती बेफिकीर होतात. त्याला वाजवी किंमत असावी, प्रारंभी ती अल्प असावी आणि ज्याला पुरेशी माहिती मिळालेली आहे त्याच्यासाठी ती वाढत जावी. अपरिवर्तनीयतेमुळेच निवडीला वजन येते, हा जुन्या खेळाडूंचा आग्रह म्हणूनच अर्धाच खरा आहे. वजन येण्यास किंमत पुरते. तिथे जन्मठेपेची गरज नसते.

पटाबाहेरचा प्रश्न

खेळाची गोष्ट येथे संपली असती तर तिच्यासाठी एवढी शाई खर्चण्याचे कारण नव्हते. पण आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की पंधरासोळा वर्षांच्या मुलापुढे कला, वाणिज्य आणि विज्ञान असे तीन वर्ग मांडले जातात आणि काही दिवसांत त्याने त्यांतला एक उचलावा अशी अपेक्षा असते. विज्ञानातून कलेकडे येण्याची वाट खुली असते, पण कलाशाखेतून अभियांत्रिकीकडे जाण्याची वाट जवळजवळ बंद असते. चूक लक्षात येते ती दोनतीन वर्षे आणि बापाची पुष्कळशी शिल्लक खर्ची पडल्यावर. मग शेजारच्या मुलाने काय घेतले ते विचारून तेच घेणाऱ्या कुटुंबांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. चूक महाग असली की मार्गदर्शिका पाठ केली जाते, हा नियम पडद्यावर आणि पडद्याबाहेर सारखाच लागू पडतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीचे शिक्षण मध्येच थांबवून पुन्हा सुरू करण्याची कल्पना मांडली आणि मिळवलेले श्रेयांक जमा ठेवणारी व्यवस्था २०२१ मध्ये सुरू झाली, ही दिशा योग्यच आहे. पण खरी निवड पदवीच्या आधी, अकरावीच्या दारात होते. तेथे पहिली चूक माफ करणारी तरतूद करावयाची म्हणजे वर्ष वाया न घालवता शाखा बदलण्याची संधी आणि राहिलेले विषय भरून काढण्यासाठी जोडवर्ग, एवढे तरी व्हावयास हवे. त्यासाठी विद्यार्थ्याला कष्ट पडले तर बिघडत नाही. दार मात्र बंद असू नये.

फसलेल्या पात्राला बाजूस सारून खेळाडू नवे पात्र घेऊ शकतो आणि पहिल्या पातळीपासून पुन्हा सुरुवात करू शकतो. तरीही खेळ करणाऱ्यांना दहा वर्षांनी का होईना, त्याच्यासाठी परतीची वाट ठेवावीशी वाटली. अकरावीतल्या मुलाजवळ तर दुसरे पात्रही नसते. त्याच्यासाठी ती वाट किती अगत्याची आहे, याचा विचार शिक्षणाचे नियम करणाऱ्यांनी केला पाहिजे.