जमिनीप्रमाणे खोली बदलणारी मशागत

शेताचा बांध एक असला, तरी त्याच्या आतली जमीन एकसारखी असतेच असे नाही. हिमयुगातील हिमनद्यांनी आणून टाकलेल्या गाळाच्या उत्तर जर्मनीतील प्रदेशात एकाच शेतात कुठे वाळूसर, कुठे पोयट्याची, तर कुठे चिकण जमीन लागते. तरीही अवजार एकदा ज्या खोलीला लावले त्याच खोलीने सगळे शेत उरकण्याची रीत तेथेही रूढ होती. ही रीत महागात पडते, कारण मशागतीची खोली एका सेंटिमीटरने वाढली, तरी हेक्टरी सुमारे १५० टन जादा माती हलवावी लागते आणि त्यासाठी डिझेल जाळावे लागते.

वाळूसर जमीन एकदा दबली की सहसा आपणहून मोकळी होत नाही, म्हणून तिला खोल मशागत लागते. याउलट चिकणमातीचा पुरेसा अंश असलेली जमीन ओलीने फुगते, सुकताना भेगाळते आणि अशा रीतीने स्वतःच मोकळी होत असल्याने तेथे उथळ मशागतीवर भागते. महाराष्ट्रातील काळ्या जमिनीला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा याच गुणधर्माच्या आहेत. उतारावर आणि उंचवट्यावर मात्र माती वाहून जाऊ नये, म्हणून उथळ काम करून मागील पिकाचा काडीकचरा पृष्ठभागावर राखणे हिताचे ठरते. ब्राउनश्वाइग येथील कृषी संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी अशाच निकषांवर जागेनुसार मशागतीची पद्धत विकसित केली.

या पद्धतीत मातीचा पोत, म्हणजे वाळू व चिकणमाती यांचे प्रमाण, आणि जमिनीचा चढउतार यांवरून शेताचा नकाशा तयार करून त्याच्या प्रत्येक भागाला खोली ठरवून दिली जाते. पोताचा अंदाज घेण्यासाठी मातीची विद्युतवाहकता मोजणारे उपकरण शेतातून फिरवतात, कारण चिकण माती वाळूपेक्षा वीज अधिक वाहते. ट्रॅक्टरच्या टपावरील जीपीएस ग्राहक आपण नकाशावर नेमके कुठे आहोत हे संगणकाला कळवतो आणि संगणकाच्या आज्ञेने हायड्रॉलिक सिलिंडर अवजार वर उचलतो किंवा खाली दाबतो. ताशी १० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रॅक्टर सेकंदाला जवळजवळ पावणेतीन मीटर पुढे सरकतो, त्यामुळे जमिनीचा प्रकार बदलण्याच्या थोडे आधीच ही आज्ञा सुटावी लागते.

नागरी वापराच्या संकेतांत मुद्दाम मिसळली जाणारी चूक अमेरिकेने मे २००० मध्ये बंद केल्यावर जीपीएसची अचूकता एकदम सुधारली. तथापि उपग्रह केवळ जागा सांगतो, खोली ठरवते ते मातीचे ज्ञान. शिवाय पोत वर्षानुवर्षे टिकतो, पण ओल पावसागणिक बदलते, आणि वाफसा नसताना ओल्या जमिनीत खोलवर घातलेले अवजार माती मोकळी करण्याऐवजी चोपून घट्ट करते. म्हणून या तंत्राचा खरा लाभ त्याच शेतकऱ्याला मिळतो, जो यंत्रावर खर्च करण्यापूर्वी आपल्या जमिनीचा नीट नकाशा करून घेतो आणि प्रत्येक हंगामात अवजार लावण्याआधी कुदळीने माती उकरून पाहतो.