संदर्भित

प्रसूतीच्या नोंदवहीत एक रकाना असतो : ‘संदर्भित’. आपल्याकडे जमण्यासारखं नाही, म्हणून पुढे पाठवलं, असा त्याचा अर्थ. नोकरीची पहिली कितीतरी वर्षं मी त्या रकान्यात एकच ओळ लिहीत आले, ‘पुढील उपचारासाठी’. खांडसकडची नाहीतर काशेळ्याच्या वरच्या अंगाची एखादी बाई कण्हत गाडीत चढायची, मी सही करायची आणि वही पूर्ण व्हायची. ती पोचली का, किती वाजता पोचली, कुठल्या अवस्थेत पोचली, हे लिहायला त्या वहीत जागाच नव्हती. ती असायला हवी हे माझ्या लक्षात यायला चौदा वर्षं गेली, आणि त्यात दोन पदव्या झाल्या.

माझं माहेर कर्जतकडच्या कडावचं. बाहेरचे लोक गाव ओळखतात ते बाल दिगंबर गणेशाच्या देवळामुळे. आमच्या लेखी कडाव म्हणजे भाताची खाचरं, आणि बाजारहाटाला, दवाखान्याला वाड्यांवरून चालत उतरणारी ठाकर-कातकरी माणसं. 1994 साली बारावी झाले आणि मुंबईला परिचर्येच्या पदविकेला, जी.एन.एम.ला गेले. आजीला रात्रपाळी हा शब्दच सहन होत नव्हता. पोरीच्या जातीने रात्रभर परक्या पुरुषांची उस्तवार करायची, हे तिच्या पचनी पडेना. तिचा राग मला तेव्हा अडाणीपणाचा वाटला. पुढे शिकताना कळलं की हा राग फार जुना आहे आणि मोठमोठ्यांनी तो अंगावर घेतलेला आहे. रमाबाई रानडे यांनी 1909 साली पुण्यात सेवासदन उभं केलं आणि तिथल्या विधवा, परित्यक्ता बायकांना ससून रुग्णालयात परिचर्येचं शिक्षण घ्यायला पाठवलं, तेव्हा पांढरपेशा घरांतून काय काय ऐकावं लागलं असेल याची मला आजीमुळे कल्पना येते.

देशात परिचर्येच्या पदवीचा विचार त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. 1946 साली आरोग्यसेवेविषयीचा भोर समितीचा अहवाल आला आणि त्याच वर्षी दिल्लीत नि वेल्लोरला परिचर्येचे पदवी वर्ग सुरू झाले. पदव्युत्तर शिक्षण 1959 साली, तेही दिल्लीत. मुंबईत एस.एन.डी.टी. विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय 1964 चं. आणि नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं 1998 साली, नेमक्या त्याच वर्षी मी पहिल्यांदा सरकारी नोकरीत वॉर्डात उभी राहिले. एम.एस्सी. नर्सिंग असं काही असतं हे त्या वॉर्डातल्या आम्हा कुणाच्या बोलण्यातही नव्हतं. आमच्यापुढे एकच जिना होता : अधिपरिचारिका, मग परिसेविका, मग सहायक अधिसेविका, आणि नशिबाने साथ दिली तर निवृत्तीच्या तोंडावर अधिसेविका. चढायचं ते सेवाज्येष्ठतेने.

त्या जिन्याने वर गेलेल्या बायकांबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. आमच्या मॅट्रनबाई वॉर्डात पाऊल टाकताच वासावरून ओळखायच्या की कुठल्या खाटेवरची जखम चिघळतेय. पण रुग्णालयाचा आराखडा ठरवणाऱ्या बैठकीत त्यांना बोलावलं तरी त्या शेवटच्या खुर्चीवर बसायच्या आणि विचारलं तेवढंच सांगायच्या. ठाऊक सगळं होतं, पण ते मांडायचं कसं, मोजून कसं दाखवायचं, कुणाकडे कुठल्या भाषेत मागायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

2004 च्या पावसाळ्यातली एक रात्र. वाडीवरून कातकरी बाई आली, बाळंत होऊन तास उलटलेला, रक्तस्राव थांबत नव्हता. आम्ही जे करायचं ते केलं आणि तिला पुढे पाठवलं. धावपळीत तिचं गाठोडं खाटेखाली राहिलं. दोन दिवसांनी तिचा दीर ते न्यायला आला. मी विचारलं, कशी आहे? तो म्हणाला, “वाटंतच गेली, बाय.” मी वही काढून पाहिली. माझ्या अक्षरात सगळं नीट लिहिलेलं होतं, एकही रकाना रिकामा नव्हता.

त्या वहीनेच मला अभ्यासाला बसवलं. 2006 मध्ये अभ्यासरजा घेऊन दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलं. परत येऊन दोन वर्षं वॉर्डात काढली आणि 2010 ला एम.एस्सी.ला गेले, विषय सामुदायिक आरोग्य परिचर्या. पदवीला किमान 55 टक्के आणि पाठीशी कामाचा अनुभव, अशी प्रवेशाची अट होती. अनुभव माझ्याकडे रग्गड होता. आठवडाभर हॉस्टेलवर राहायचं, शनिवारी कर्जत लोकल धरायची. शंभर किलोमीटरच्या घरातला तो प्रवास, त्यात माझं अर्धं संख्याशास्त्र झालं. वर्गातल्या मुली माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. मुलगा तेव्हा दुसरीत. सासूबाईंनी त्याला सांभाळला, आणि मी शिकतेय याची लाज न बाळगता गावात सांगत फिरल्या. हे ऋण वेगळंच.

मार्गदर्शक बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, “तुम्ही रोज एवढं लिहिता, त्यातलं कधी काही मोजलंत का?” मी गप्प. मग त्यांनी 1994 साली थॅडियस आणि मेन या दोघींनी मांडलेली तीन विलंबांची मांडणी वाचायला दिली. बाळंतपणातले मृत्यू कशाने होतात? पहिला उशीर घरात, दवाखान्यात जायचं की नाही हे ठरण्यात. दुसरा वाटेत, रस्ता नि वाहन नसण्यात. तिसरा दवाखान्यात पोचल्यावर, उपचार सुरू होण्यात. मी दहा वर्षं वाडीवरच्या लोकांना दोष देत आले होते, ‘उशिरा आणता’. वाचता वाचता त्या रात्रीचा हिशेब डोळ्यांपुढे उभा राहिला. पुढच्या रुग्णालयाला कुणी फोन केला होता? कुणीच नाही. रक्ताची तयारी ठेवा म्हणून कुणी कळवलं होतं? नाही. म्हणजे ती जिवंत पोचली असती तरी तिसरा उशीर दारात उभाच होता, आणि तो आमचा होता.

दुसऱ्या वर्षाला परिचर्या व्यवस्थापन हा विषय असतो. मनुष्यबळाचा हिशेब, ड्युटीचं नियोजन, अंदाजपत्रक, गुणवत्तेची तपासणी. कुणाला तो रुक्ष वाटेल. मला तो आमच्या मॅट्रनबाईंच्या हातात कधीच न पडलेला चष्मा वाटला.

पदवी हातात पडल्यावर काय झालं, हेही सांगायला हवं. माझ्याबरोबरच्या बहुतेक जणी खासगी नर्सिंग कॉलेजांत शिकवायला गेल्या. त्यांचा दोष नाही, वॉर्डात या पदवीला ना वेगळं पद होतं ना वेगळा पगार. एम.एस्सी. म्हणजे मास्तरीण व्हायची पदवी, असंच झालं. जी सर्वांत जास्त शिकली ती खाटेपासून सर्वांत लांब गेली, आणि खाटेजवळचा निर्णय पुन्हा ज्येष्ठतेच्या यादीवर सोडला गेला. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

मी वॉर्डात परतले. पहिलं काम केलं ते पट्टी-पेन्सिल घेऊन ‘संदर्भित’च्या पुढे तीन रेघा मारण्याचं : निघाली ती वेळ, पुढे कळवलं ती वेळ, पोचली ती वेळ. सहकारी कुरकुरल्या, काम वाढलं म्हणून. डॉक्टरांनी मात्र महिन्याभरात ते पान बैठकीत मागवून घेतलं. त्या बैठकीत मी शेवटच्या खुर्चीवर बसले नाही.

त्यानंतर बाहेरही पुष्कळ बदललं. 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने आणलेल्या आशाताई एव्हाना वाडीवाडीत रुजल्या होत्या. 2014 ला 108 ची रुग्णवाहिका आली. 2020 हे जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिकांचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, आणि त्याच वर्षी आम्ही करोनाच्या वॉर्डात पी.पी.ई. चढवून उभ्या होतो. किती तासांनी कुणाला बाहेर काढायचं, कुणाच्या घरी म्हातारं माणूस आहे, कुणाला तिकडे पाठवायचं नाही, हे कोष्टक मी रात्री जागून मांडायची. व्यवस्थापनाची वही तेव्हा खरी उघडली. 2023 मध्ये 1947 च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा आला. त्यातून वॉर्डातल्या पदव्युत्तर परिचारिकेला तिचं पद मिळावं, एवढी माझी मागणी आहे.

पण सगळ्यांत मोठा बदल उपकेंद्रांत झाला. 2018 नंतर तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमू लागले, आणि बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुली सहा महिन्यांचा जोडअभ्यासक्रम करून त्या खुर्चीवर बसू लागल्या. आमच्याच भागातली एक आहे. पनवेलपलीकडे कामोठ्याला, नेरूळला आता पदव्युत्तर शिक्षणाची सोय आहे, म्हणून तिचं एम.एस्सी.चं चाललंय. माझ्या संख्याशास्त्राच्या वह्या मध्यंतरी घेऊन गेली.

परवा रात्री तिचा फोन आला. मी घरी होते. “मॅडम, पहिलटकरीण आहे, रक्तदाब चढलाय. गाडीत बसवलीय, आशाताई बरोबर आहे. दोन वाजून दहा मिनिटं.” मी वॉर्डाला फोन लावला.