जुन्या एमजीबीच्या मागच्या धुऱ्यात

१९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या. १,७९८ सीसीचं इंजिन, ताकद ९५ अश्वशक्तीच्या आसपास. आजच्या हिशेबात हे आकडे मोठे नाहीत. तरीही ओल्या, अरुंद वळणातून निघताना ॲक्सिलरेटर जोरात दाबला की आतल्या बाजूचं मागचं चाक जागच्या जागी गरगरतं आणि गाडी पुढे सरकत नाही.

साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतं, पण पीळ (टॉर्क) मात्र दोघांना सारखाच देतं. खरी अडचण इथेच आहे. वळणात आतल्या चाकावरचा भार कमी होतो, त्याची पकड सुटते आणि ते चाक जेवढा पीळ पेलू शकेल तेवढाच दुसऱ्याच्या वाट्याला येतो. एमजीबीसारख्या अखंड धुऱ्याच्या गाडीत आणखी एक भर पडते: प्रोपेलर शाफ्टच्या पिळामुळे धुराच किंचित कलतो आणि उजवं चाक हलकं होतं.

१९३० च्या दशकात ऑटो युनियनच्या सोळा सिलिंडरच्या शर्यतीच्या गाड्यांना हाच त्रास होता. फर्डिनांड पोर्शे यांच्यासाठी झेडएफ या जर्मन कंपनीने त्यावर तोडगा काढला, आणि तिथून चाकाचं असं गरगरणं आवरणारं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल शर्यतींच्या जगात रुजलं.

एमजीबीत ते बसवायचं तर आज निवड मुख्यतः दोन प्रकारांत करायची असते. एकात क्लचसारख्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात. त्या झिजतात, त्यांना खास तेल लागतं, हळू वळताना खडखडही ऐकू येते. दुसऱ्यात तिरप्या दातांचे गिअर असतात आणि पीळ वाढला की ते डिफरन्शियलच्या घराच्या भिंतीवर रेटले जातात. क्वाइफ कंपनीचं डिफरन्शियल या जातीचं. रस्त्यावर चालवायच्या गाडीला मी बिनदिक्कत हेच सुचवेन. मात्र एक चाक पूर्ण हवेत उचललं गेलं तर हा प्रकार जवळजवळ निकामी होतो, कारण हलकं चाक पेलेल त्याच्या काही पटच पीळ तो दुसऱ्या चाकाला देतो, आणि शून्याला कितीने गुणलं तरी शून्यच. शर्यतीत कर्बवरून उड्या मारणाऱ्यांनी चकत्यांचाच विचार करावा.

डिफरन्शियल मागवण्याआधी आपल्या गाडीचा धुरा कोणता ते पाहावं. सुरुवातीच्या उघड्या रोडस्टरमध्ये बँजो पद्धतीचा धुरा होता. त्यात अर्धे शाफ्ट बाहेर ओढले की डिफरन्शियलचा अख्खा गोळा पुढून निघतो आणि सगळं काम टेबलावर करता येतं. बंद छताच्या जीटीला १९६५ पासून आणि रोडस्टरला १९६७ मध्ये नळीचा धुरा आला. त्यात मागचं झाकण काढून काम करावं लागतं आणि बेअरिंगवरचा दाब राखण्यासाठी हाऊसिंग खास अवजाराने किंचित फाकवावं लागतं. पहारीने उचकटायचा मोह टाळावा. ओतीव लोखंड एकदा तडकलं की संपलं.

यातली खरी कारागिरी शिमांची, म्हणजे बेअरिंगमागे घालायच्या पातळ धातूच्या कड्यांची. क्राउन व्हील, म्हणजे डिफरन्शियलवरचं मोठं दातेरी चक्र, जुन्या घरावरून काढून नव्यावर बसवलं की ते काही शतांश मिलिमीटर इकडेतिकडे सरकतं, आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरशी, पिनियनशी, त्याची गाठ बिघडायला तेवढं पुरतं. म्हणून डायल गेज लावून दातांमधली मोकळीक मोजायची, क्राउनवर कोरलेल्या आकड्याशी ताडायची, आणि बेअरिंगच्या मागच्या शिम एका बाजूच्या काढून दुसऱ्या बाजूला घालायच्या. एकूण जाडी तीच राहिली तर दाब बदलत नाही. मग दातांना निळा रंग लावून फिरवायचं. ठसा दाताच्या मधोमध उमटला तर ठीक. कडेला गेला तर गाडी धावताना धुरा गुणगुणणार. मूळचं क्राउन-पिनियन चांगलं असेल तर तीच जोडी ठेवावी आणि पिनियनला हात लावू नये. ती वर्षानुवर्षं एकमेकांत बसलेली असते.

क्राउनचे बोल्ट नवेच घ्यावेत. जुनं डिफरन्शियल तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवावं. पुढे कुणाला गाडी मूळ रूपात हवी झाली तर ते पुन्हा बसवता येतं.

काम झाल्यावर सवयही बदलावी लागते. आता एकच मागचं चाक जॅकवर उचलून इंजिन गिअरमध्ये चालवायचं नाही, कारण जमिनीवरचं दुसरं चाक गाडीला जॅकवरून ओढून खाली पाडू शकतं. ब्रेक तपासायचे असोत वा धुऱ्याचा आवाज ऐकायचा असो, दोन्ही चाकं उचलून स्टँडवरच घ्यावीत.