बाळा कारंजकरांचे नाव कसे उरले

तीसेक वर्षांपूर्वी नारायणगावला, फडातून निवृत्त झालेल्या एका बाईंकडून मी होनाजीची लावणी कॅसेटवर उतरवून घेतली. वेष्टनावर लावणीचे धृपद लिहिले, शाहिराचे नाव लिहिले, तारीखही घातली. बाईंचे नाव लिहिले नाही. यंदा जुन्या फिती संगणकावर घेताना ते ध्यानात आले. सांगू शकेल असे आता कोणी उरलेले नाही.

रचणारा लक्षात राहतो, गाणारा विसरला जातो. याचे ठरलेले उत्तर असे, की शब्द कागदावर राहतात, आवाज विरतो. पण आवाज विरला तरी नाव का विरावे? ते लिहायला दोन शब्द पुरतात.

माझ्या मते इथे खरे काम नाममुद्रेने केले आहे. आपल्याकडे रचनाकार आपले नाव रचनेच्या आतच ठेवतो. ते मात्रांत आणि यमकात बसलेले असते, सहजी गाळता येत नाही. जो गाईल त्याला ते घ्यावेच लागते. म्हणजे विसरला गेलेला गायकच दुसऱ्याचे नाव पिढ्यान्‌पिढ्या पोचवत असतो!

अठराव्या शतकात दिल्लीच्या महंमदशहाच्या दरबारी असलेला बीनकार नियामतखाँ आज ‘सदारंग’ म्हणूनच ओळखला जातो, तो बंदिशींतल्या या मुद्रेमुळे. कित्येक बंदिशींत त्याने बादशहाचेही नाव गोवले. तो स्वतः दरबारात ख्याल गात नसे, शिष्यांकडून गाववून घेई, असे परंपरा सांगते. ते खरे धरले तर कवी अंतऱ्यात आला, धनी आला. शिष्य बाहेरच राहिले.

याला एक अपवाद आपल्या घरातलाच आहे. ‘होनाजी बाळा’ ही एकच व्यक्ती, असे मला आजही सुशिक्षित लोक सांगतात. त्या दोन व्यक्ती. उत्तर पेशवाईतले होनाजी शिलारखाने कवने रचीत आणि बाळा कारंजकर ती गात. लावणीच्या शेवटी दोघांची नावे जोडीने येतात, म्हणून बाळा तरला. अर्थात पुरता नाही. जोडनाव वाचणाऱ्याला तो होनाजीचे टोपणनाव वाटतो. ‘अमर भूपाळी’ (१९५१) या चित्रपटात होनाजीची भूपाळी लताबाईंबरोबर गातात पंडितराव नगरकर, आणि त्यांची भूमिका आहे होनाजीची. फडातल्या इतर गाणाऱ्या-नाचणाऱ्यांना एवढीही जागा मिळाली नाही.

नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानने ध्वनिमुद्रण केले, तेव्हा हा हिशेब फिरला. तिच्या तबकड्यांच्या शेवटी ती आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगते. तबकड्या जर्मनीत छापल्या जात. तिथल्या कारागिरांना कोणाची तबकडी ते कळावे म्हणून ही घोषणा, असे सांगितले जाते. कारण काहीही असो, मुद्रा गाणारीच्या हाती आली. भावे-पाध्यांच्या घरांतून रद्दीत आलेल्या माझ्याकडच्या जुन्या तबकड्यांवर गायकाचे नाव ठळक, राग त्याखाली, आणि बंदिश कोणाची ते बहुधा कुठेच नाही. ते शोधायचे तर सुई ठेवून अंतऱ्यापर्यंत थांबावे लागते. तीन-साडेतीन मिनिटांच्या घाईत गायकाने अंतरा गाळला असेल, तर तेही नाही.